हिरवळीची कड आणि पेट्रोलचे यंत्र

गेल्या अंकात सोसायट्यांच्या बागांतील हिरवळीबद्दल लिहिले होते. त्यावर आलेल्या पत्रांत हिरवळीपेक्षा तिच्या कडेविषयीच विचारणा अधिक आहे, आणि ते स्वाभाविक आहे. मुंबईत हिरवळ म्हणजे बहुधा पेव्हर ब्लॉकच्या वाटेला, गाड्या लावायच्या जागेला किंवा मुलांच्या घसरगुंडीला टेकलेला एक पट्टा असतो, आणि पाऊस लागला की हरळी पाहता पाहता ब्लॉकच्या सांध्यांत पाय पसरते. ही कड सरळ कापणारे यंत्र, म्हणजे एजर, आपल्याकडे अजून फारसे दिसत नाही. दांड्याच्या टोकाशी फिरणाऱ्या पात्याने गवत कापणारा ब्रश कटर सर्वांना ठाऊक आहे. एजरचे पाते मात्र आडवे न फिरता उभे फिरते आणि इंच-दीड इंच मातीत उतरून गवत व वाट यांच्यामध्ये चर पाडते. ज्यांच्याकडे ते आले आहे त्यांना विचारायला जवळपास कोणी नाही, म्हणून या वेळचा पूर्ण स्तंभ त्यालाच दिला आहे. पत्रे थोडी संक्षिप्त केली आहेत.

प्रश्न : आमच्या सोसायटीतील एक सभासद अमेरिकेतून कायमचे परत आले. घरसामानाबरोबर जहाजाने आणलेला चाकांचा एजर त्यांनी सोसायटीच्या बागेसाठी दिला आहे. पुस्तिकेत सर्वत्र ‘गॅस’ असा उल्लेख आहे. त्यामुळे तो सीएनजीवर चालतो की सिलिंडरवर, यावरून समितीच्या बैठकीत वाद झाला. माळीकाकांचे म्हणणे असे, की ब्रश कटरप्रमाणेच पेट्रोलमध्ये ऑइल मिसळून टाकावे. नक्की काय करावे?
— एका गृहनिर्माण संस्थेचे सचिव, मुलुंड (पूर्व)

उत्तर : वाद मिटवणे सोपे आहे. अमेरिकेत पेट्रोलला गॅसोलीन म्हणतात आणि बोलताना त्याचे ‘गॅस’ होते. आपल्याला लागेल ते साधे पेट्रोल. पुस्तिकेत ८७ ऑक्टेन लिहिलेले असेल तर त्यानेही गोंधळून जाऊ नये, कारण तिकडची मोजण्याची पद्धत वेगळी आहे आणि तिकडचे ८७ हे आपल्याकडच्या ९१ च्या जवळपास येते. महागडे पेट्रोल घालून या इंजिनाला काही अधिकचे मिळत नाही.

मात्र टाकीत पेट्रोल घालण्यापूर्वी एक गोष्ट तपासावी आणि ती तपासल्याशिवाय कोणालाही स्टार्टरची दोरी ओढू देऊ नये. जहाजाने सामान पाठवताना अशा यंत्रातले पेट्रोल आणि इंजिन ऑइल दोन्ही काढून टाकतात. आपले यंत्र आज कोरडे असण्याची शक्यता दाट आहे. ऑइल नसलेले इंजिन सुरूही होते, काही क्षण उत्तम आवाजही देते, आणि मग पिस्टन सिलिंडरमध्ये अडकून बसतो. त्यानंतरचा खर्च पाहून बहुतेक सोसायट्या यंत्र भंगारात देणेच पसंत करतात.

आता माळीकाकांचे म्हणणे. त्यांचा अनुभव ब्रश कटरचा आहे आणि त्या यंत्रापुरता तो बरोबर आहे. अनेक ब्रश कटर आणि दांड्याचे हलके एजर टू-स्ट्रोक असतात. त्यांत वंगणासाठी वेगळी जागा नसते, म्हणून ऑइल पेट्रोलमधूनच द्यावे लागते. चाकांचे जड एजर बहुधा फोर-स्ट्रोक असतात. ओळखायचे कसे? इंजिनाच्या बुडाशी पेट्रोलच्या टाकीहून वेगळे, आत ऑइलची पातळी पाहायची पट्टी असलेले झाकण दिसले तर ते फोर-स्ट्रोक समजावे. त्यात ऑइल त्या झाकणातून आणि पेट्रोल टाकीतून, दोन्ही स्वतंत्र. फोर-स्ट्रोकमध्ये चुकून मिश्रण गेले तर धूर होईल, प्लग काळा पडेल, पण यंत्र सहसा वाचेल. टू-स्ट्रोकमध्ये नुसते पेट्रोल गेले तर ते वाचणार नाही. म्हणून दोन डबे वेगवेगळ्या रंगांचे ठेवावेत आणि त्यांवर मराठीत ठळक अक्षरांत लिहावे. माळी बदलतात, डबे राहतात.

फोर-स्ट्रोकसाठी पुस्तिकेत बहुधा एसएई ३० किंवा १०डब्ल्यू-३० ऑइल सांगितलेले असते. दुसरे आपल्याकडे स्कूटरच्या दुकानात सहज मिळते, परंतु मुंबईच्या उष्म्यात ते थोडे अधिक खर्ची पडते, तेव्हा प्रत्येक वापरापूर्वी यंत्र सपाट जागी उभे करून पट्टी पाहावी. खुणेच्या वर भरलेले ऑइलही घातकच. नव्या इंजिनाचे पहिले ऑइल पाच-सात तासांच्या कामानंतर बदलतात, पुढे साधारण ५० तासांनी किंवा वर्षातून एकदा, जे आधी येईल तेव्हा. सोसायटीच्या बागेत ५० तास कधीच भरत नाहीत, म्हणून वर्षाचा हिशेब धरावा. टू-स्ट्रोक असल्यास पुस्तिकेतील ‘गॅलनला २.६ औंस’ म्हणजे ५० भाग पेट्रोलला १ भाग ऑइल, आपल्या मापात लिटरला २० मिलिलिटर. प्रमाण ४० ला १ असेल तर लिटरला २५ मिलिलिटर. अंदाजाने ओतू नये. औषधाच्या बाटलीवरचे मापाचे झाकण यासाठी उत्तम. फक्त ते पुन्हा औषधाकडे जाणार नाही एवढे पाहावे.

शेवटचा मुद्दा इथेनॉलचा, आणि माझ्या मते मुंबईत तोच सर्वांत महत्त्वाचा. अमेरिकी पुस्तिकांत १० टक्क्यांपर्यंत इथेनॉल चालेल असे असते. आपल्याकडे २०२३ पासून २० टक्के मिश्रणाचे पेट्रोल पंपांवर येऊ लागले आणि आता तेच सर्वत्र मिळते. इथेनॉल हवेतले पाणी ओढून घेते, आणि मुंबईच्या हवेत ओढण्यासारखे पाणी बारा महिने असते. पुरेसे पाणी शोषले गेले की इथेनॉल आणि पाणी मिळून टाकीच्या तळाशी वेगळा थर धरतात, आणि कार्बोरेटरला, म्हणजे इंजिनासाठी पेट्रोल आणि हवा मिसळणाऱ्या भागाला, पेट्रोल तळातूनच जाते. रोज पळणाऱ्या स्कूटरला याचा त्रास जाणवत नाही, कारण तिची टाकी आठवड्यात रिकामी होते. महिन्यातून एकदा बाहेर निघणाऱ्या यंत्राला तो नक्की जाणवतो. जुन्या रबरी नळ्याही अशा पेट्रोलने फुगतात आणि त्यांना भेगा जातात, तेव्हा नळ्या आताच बदलून घेतल्यास बरे. पेट्रोल एका वेळी लिटरभरच आणावे, दोन-तीन आठवड्यांत संपवावे आणि उरलेले कोणाच्या तरी स्कूटरमध्ये घालावे. ऑइल मिसळलेले असेल तर ते स्कूटरमध्ये मात्र जाऊ देऊ नये. प्लॅस्टिकच्या बाटलीत पेट्रोल द्यायला पंपावर नकार मिळतो आणि तो योग्यच आहे. घट्ट झाकणाचा धातूचा डबा न्यावा. १९३४ च्या पेट्रोलियम कायद्यानुसार स्वतःच्या वापरासाठी ३० लिटरपर्यंत साठ्याला परवाना लागत नाही, पण म्हणून मीटर रूममध्ये एक लिटरही ठेवू नये.

प्रश्न : एजर चालवताना खडे उडतात, एकदा उभ्या गाडीची काच फुटली. पेव्हर ब्लॉकच्या कडाही झिजू लागल्या आहेत. माळ्याचा हात सैल आहे की यंत्रात दोष आहे?
— एक वाचक, बोरिवली (पश्चिम)

उत्तर : आपण पत्रासोबत पाठवलेल्या छायाचित्रात चर ब्लॉकला अगदी चिकटून गेलेला दिसतो आणि ब्लॉकवर पांढरट ओरखडे आहेत. दोष यंत्राचा नाही. पाते ब्लॉकला घासत चालले आहे आणि ते एकाच फेरीत फार खोल उतरवले आहे.

एजरला खोली ठरवणारी एक दांडी असते. पहिल्या फेरीत पाते जेमतेम अर्धा इंच उतरेल एवढीच ती खाली घ्यावी, आणि दुसऱ्या फेरीत हवी तर इंचभर. ब्लॉक आणि पाते यांच्यामध्ये अर्ध्या बोटाचे अंतर राहिले पाहिजे. इंजिन सुरू करताना पाते वर, हवेत असावे. पूर्ण वेग आल्यावरच ते हळूहळू मातीत सोडावे. त्यानंतर यंत्र ढकलायचे नसते, त्याच्या मागे चालायचे असते. बरोबर चालले की इंजिनाचा आवाज एकसारखा जड राहतो आणि चराच्या बाजूने गवताची पट्टी अलगद सुटत जाते, घेवड्याच्या शेंगेची शीर ओढावी तशी. पाते ब्लॉकला लागले की आवाज चिरका होतो आणि ठिणग्या दिसतात. अशा वेळी माळी जोर लावतात, आणि खडे तिथूनच उडतात. पाते वर घेऊन पुन्हा रेषेत यावे.

मातीची अवस्थाही पाहावी लागते. कडक उन्हाळ्यात आपल्या बागांतली लाल माती विटेसारखी होते, तेव्हा आदल्या संध्याकाळी कडेला पाणी द्यावे. भर पावसात चिखल पात्याच्या आवरणात थापला जातो, पाते अडते आणि इंजिनाची गती पात्याला देणारा रबरी पट्टा घसरू लागतो. खरा हंगाम पाऊस ओसरल्यावर, दसरा-दिवाळीच्या दरम्यान. तेव्हा माती ओलसरही असते आणि हातात धरली तर फुटतेही.

काम सुरू करण्यापूर्वी कडेने एकदा पायी फिरून यावे. बागेतल्या दिव्यांच्या तारा, सीसीटीव्हीची केबल, ठिबकची नळी ही मंडळी नेमकी कडेनेच, मातीखाली दोन बोटांवर पुरलेली असतात, कारण कंत्राटदाराला तिथे खणणे सोपे पडते. पोडियमवरच्या, म्हणजे पार्किंगच्या छतावरच्या, बागेत तर मातीचा थरच कमी, त्यामुळे सगळेच वर असते. ज्या ठिकाणी शंका असेल तिथे काठी रोवून खूण करावी आणि तेवढा भाग खुरप्याने करावा. गाड्या हलवाव्यात, मुले शाळेत असतील ती वेळ निवडावी आणि कोणालाही ५० फुटांच्या आत येऊ देऊ नये. आपल्या छायाचित्रात माळ्याच्या पायांत रबरी चपला दिसतात. बंद बूट, जाड पँट आणि डोळ्यांवर गॉगल यांचा खर्च सोसायटीने करावा. गाडीच्या काचेहून तो कमीच येईल.

आणखी एक. कापलेली हरळी तिथेच पडू देऊ नये. तिच्या खोडाच्या प्रत्येक पेरापासून नवे रोप उगवते, आणि कंपोस्टच्या खड्ड्यात टाकली तर खड्डाच हिरवा होतो. गणपतीच्या दिवसांत हीच दूर्वा आपण जुडीने विकत घेतो, ही गंमत वेगळी.

प्रश्न : आमच्या एजरचे पाते वर्षभरात बरेच लहान झाले आहे. धार लावून घेतली तरी काम होत नाही. इंजिन जोरात चालते, पण मातीत उतरले की पाते थांबते.
— एक वाचक, गोरेगाव (पूर्व)

उत्तर : या दोन वेगळ्या तक्रारी आहेत. एजरचे पाते सुरीसारखे धारदार असण्याची गरज नसते, ते वेगाने फिरून माती खोदते. ते झिजून लांबीला इंचभर कमी झाले, टोके गोल झाली किंवा कुठे चीर दिसली, की नवे घालावे. धार लावण्यात पैसे घालवू नयेत. पाते बदलण्यापूर्वी प्लगची टोपी ओढून काढावी आणि ती पुन्हा प्लगला शिवणार नाही अशी बाजूला बांधून ठेवावी. इंजिन बंद असले तरी हाताने पाते फिरवताना ते एखादा ठोका देऊ शकते. यंत्र कलते करायचे तर कार्बोरेटर आणि एअर फिल्टर वरच्या बाजूला राहतील असेच करावे, नाहीतर ऑइल फिल्टरमध्ये उतरते. पात्याचा नट उलट्या आट्यांचा असू शकतो, तेव्हा सुटत नाही म्हणून पान्याला पाईप लावण्याआधी पुस्तिका पाहावी.

मातीत उतरताच पाते थांबते याचा अर्थ पट्टा घसरतो आहे. आवरण काढून पाहावे. पट्ट्याच्या कडा काचेसारख्या गुळगुळीत झाल्या असतील किंवा आतून चिरा गेल्या असतील तर बदलावा. तो चांगला असेल तर हँडलपासून येणारी तार सैल झाली असेल, ती ताणून घ्यावी.

प्रश्न : यंत्राच्या आवाजावरून शेजारच्या इमारतीने लेखी तक्रार केली आहे. नियम काय सांगतो?
— एक वाचक, दादर

उत्तर : ध्वनिप्रदूषणाचे २००० सालचे नियम निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा घालतात, दिवस म्हणजे सकाळी ६ ते रात्री १०. रुग्णालय, शाळा किंवा न्यायालयाभोवतीच्या १०० मीटरच्या शांतता क्षेत्रात ती आणखी कमी, ५० आणि ४० आहे. दादरला आपण त्या वर्तुळात येता का, हे आधी पाहावे. चालवणाऱ्याच्या कानाशी असे इंजिन ९० डेसिबलच्या आसपास आवाज करते, म्हणून त्याला कान झाकायचे इअरमफ द्यावेत. कायद्याने सकाळी सहाला दिवस उगवत असला तरी शेजाऱ्यांचा तेव्हा उगवत नाही. आठवड्यातल्या कामाच्या दिवशी दहा ते बारा ही वेळ धरावी, शेजारच्या सूचना फलकावर आदल्या दिवशी चिठ्ठी लावावी, आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये दहावी-बारावीच्या परीक्षा संपेपर्यंत हे काम हाताने करावे. सायलेन्सर गंजून भोक पडले असेल तर तो बदलल्यानेही तक्रार बरीच कमी होईल.

प्रश्न : बंगल्यापुढे जेमतेम ४० फूट लांबीची कड आहे. एजर घ्यावा का?
— एक वाचक, विलेपार्ले (पूर्व)

उत्तर : घेऊ नये. अर्धगोल पात्याची कड कापायची कुदळ आणि एक ताणलेली दोरी, एवढ्यावर हे काम सकाळच्या चहाआधी होते.

प्रश्न : मे महिन्यात उत्तम चाललेला एजर ऑक्टोबरमध्ये सुरूच होत नाही. सलग तिसरे वर्ष. दरवर्षी मेकॅनिक कार्बोरेटर बदलायला सांगतो. यंत्र पंप रूममध्ये झाकून ठेवलेले असते.
— एका सोसायटीच्या समितीचे सदस्य, चेंबूर

उत्तर : तीन वर्षांत तीन कार्बोरेटर हा दोष कार्बोरेटरचा नसतो, साठवणुकीचा असतो. माझ्याकडूनही एकदा हेच झाले होते. टाकी अर्धी भरलेली असताना यंत्र जूनमध्ये ठेवून दिले आणि नवरात्रात उघडले. कार्बोरेटरची खालची वाटी सोडवली तर तीत पेट्रोल असे उरलेच नव्हते. तळाशी काकवीच्या रंगाचा चिकट लेप, पितळी जेटच्या, म्हणजे पेट्रोल मोजून सोडणाऱ्या तोटीच्या, भोकाशी हिरवट पूड, आणि वास पेट्रोलचा नव्हे, जुन्या वॉर्निशचा. जेटचे भोक सुईच्या टोकाएवढे असते. त्यात एवढासा लेप पुरेसा होतो.

तेव्हा नवा कार्बोरेटर घेण्याआधी क्रमाने जावे. टाकीतले पेट्रोल काचेच्या स्वच्छ ग्लासात काढून दहा मिनिटे स्थिर ठेवावे. मधे रेषा दिसली, किंवा तळाशी गढूळ थर जमला, तर पुढे काही तपासण्याचे कारण नाही. सगळे काढून ताजे घालावे. तरीही सुरू झाले नाही तर प्लग काढून पाहावा. तो कोरडा असेल तर पेट्रोल वर येतच नाही, म्हणजे जेट किंवा नळी तुंबली आहे. ओला असेल तर इंजिन पेट्रोलने भिजले आहे. प्लग पुसून वाळवावा, आणि तो बाहेर असतानाच, चोक न लावता, दोरी चार-सहा वेळा ओढावी. त्या वेळी प्लगची तार दूर असावी, कारण भोकातून पेट्रोलचा फवारा येतो. प्लगचे टोक फिकट तपकिरी असेल तर इंजिनाची प्रकृती चांगली. काजळी असेल तर एअर फिल्टर पाहावा. फोमचा फिल्टर साबणाच्या पाण्यात धुऊन पूर्ण वाळवून घालता येतो, कागदाचा धुऊ नये. तुंबलेला जेट काढून कार्बोरेटर क्लीनरने साफ करता येतो. त्यात तार घालून भोक मोठे करण्याचा मोह मात्र टाळावा.

यंत्र सुरू होऊन पाच-दहा मिनिटांत बंद पडत असेल तर टाकीचे झाकण सैल करून पाहावे. त्याने चालू राहिले, तर झाकणातले हवेचे बारीक छिद्र बुजले आहे, बाकी सारे ठीक आहे. आणि सायलेन्सरच्या तोंडात एकदा टॉर्च मारावा. पावसाळ्यात निवांत पडलेल्या यंत्रात कुंभारीण माशीने मातीचे घर बांधलेले मी पाहिले आहे. आत सुस्त केलेले कोळी नीट रचून ठेवलेले होते, आणि मालकाने तोवर प्लग आणि फिल्टर दोन्ही बदलून झाले होते.

पुढच्या वर्षी मे अखेरीस, पहिला पाऊस येण्यापूर्वी, यंत्र बंद करण्याचा एक दिवस ठरवावा. मुंबईत मोसमी पाऊस येण्याची सरासरी तारीख ११ जून आहे, पण वळवाची सर आधीही येते. टाकी रिकामी करावी, मग उरलेल्या थेंबांवर इंजिन उघड्यावर सुरू करून ते आपोआप बंद पडेपर्यंत चालू द्यावे, म्हणजे कार्बोरेटरही कोरडा होतो. फोर-स्ट्रोक असेल तर इंजिन गरम असतानाच जुने ऑइल काढून नवे भरावे. प्लग काढून त्या भोकात चमचाभर ऑइल सोडावे, दोरी सावकाश दोन-तीनदा ओढावी आणि प्लग परत लावावा. पात्याला व आवरणाच्या आतल्या बाजूला लागलेली माती खरवडून तिथे जुन्या ऑइलचा हात फिरवावा, कारण ओली माती चिकटून राहिली तर चेंबूरच्या दमट हवेत पत्रा एका पावसाळ्यात गंजून जातो. पंप रूम ही यासाठी सर्वांत वाईट जागा आहे, तिथे बारा महिने ओल असते आणि मोटरच्या स्विचची ठिणगीही. जिन्याखालची कोरडी जागाही वापरू नये, ती आगीच्या वेळी बाहेर पडण्याची वाट असते. बागेच्या अवजारांची हवेशीर, पत्र्याची खोली असेल तर तिथे, जमिनीपासून विटांवर उचलून ठेवावे. वर प्लॅस्टिकचा कागद गुंडाळू नये, आत घाम धरतो. जुनी सुती चादर टाकावी, आणि सायलेन्सरच्या तोंडात कापडाचा लालभडक बोळा घालावा. लालभडक अशासाठी, की ऑक्टोबरमध्ये दोरी ओढण्याआधी तो काढायचा राहू नये.